अर्थ सांगणारा जावई

"बाबा, तुमच्या तरुणपणातला मराठी सिनेमा लावलाय," असं मी सासऱ्यांना मोठ्या रुबाबात सांगितलं, आणि टीव्हीवर सगळे स्पॅनिश बोलायला लागले. कृष्णधवल चित्र, बारीक मिशा, कमरेवरून घसरत आलेली विजार. मला तो माणूस आपल्याकडचाच वाटला होता. निघाला मेक्सिकोचा, तिकडच्या सिनेमाच्या सुवर्णकाळातला विनोदी नट.

चूक कबूल करणं जावयाला जमत नाही. मी सरसावून बसलो आणि मनचाच अर्थ सांगू लागलो. "आता तो म्हणतोय, कोंबडी मी चोरलीच नाही."

सासऱ्यांना गावी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून त्यांचे शब्द उलटसुलट पडत. कुवेतला, बनेद अल-गारच्या आमच्या फ्लॅटवर आणल्यानंतर एका सकाळी चहा मागताना ते "हंडा द्या" म्हणाले. मी हसलो. त्या दिवसापासून दोन महिने त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. शिमग्यात कोकणातल्या नमन-खेळ्यात गौळणींची विनोदी मावशी रंगवून गावंच्या गावं हसवणारा हा माणूस! बायको जाब्रियाच्या हॉस्पिटलात नर्स. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, चुकीचं बोलू देत, पण बोलू देत. असेच गप्प राहिले तर वाचा परत येणं कठीण. हे सांगताना बायको माझ्याकडे बघायची नाही. तेच जास्त लागायचं.

पडद्यावर तो नट न्यायाधीशापुढे उभा राहिला आणि बोलत सुटला. एक वाक्य अर्धं टाकून दुसरं धरी, तेही सोडून तिसरं. स्पॅनिशचं अक्षर कळत नसूनही कळत होतं, यात अर्थ काडीचा नाही. वकील मात्र गंभीरपणे माना डोलावत होते. मी तोंड उघडलं, तोच सासऱ्यांनी डावा हात उचलून मला थांबवलं.

मग तो हात हनुवटीला गेला. थेट मावशीची लकब.

"काय गो... कोंबडी... बाजारात... न्हाय, म्हंजे... हंडा!"

बायको पिठाच्या हातांनी दाराशी आली. आणि गौळणीच्या ठसक्यात म्हणाली, "अगो मावशे, मग पुढं काय झालं?"

"पुढं..." सासरे शब्द शोधत राहिले. आम्ही दोघं थांबलो. "पुढं हंडाच... बोलला!"

आणि माझ्याकडे बघून आधी तेच हसले. मग मला हसायची हिंमत झाली.

दुपारी जेवून ते आडवे झाल्यावर बायको म्हणाली, "उद्या परत तोच लावा. आणि अहो, अर्थ सांगू नका."