परदेशी पायऱ्यांवरचा सडा

पोर्तुगालातल्या एका अत्यंत सभ्य घराच्या दारात मी मासोळीच्या पाण्याचा सडा टाकलेला आहे.

हे घर आमच्या पल्लवीनं पसंत केलेल्या मुलाचं. ती तिकडे शिकायला गेली आणि लग्न करीन तर दुआर्तेशीच, म्हणून बसली. त्याची आजी घरातच जुनं अतिथीगृह चालवते. आठ खोल्या, दगडी पायऱ्या, भिंतींना निळ्या फरश्या. घरात शेवटचा शब्द आजीचा. (हे ऐकून मला परदेशाची भीतीच वाटेनाशी झाली.) आजी आम्हाला दोन दिवस पाहुणे ठेवून पारखणार आणि रविवारी जेवताना होकार की नकार ते सांगणार! म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको आमच्या एकोडी गावाहून निघालो.

पल्लवीनं फोनवर बजावलं, "आई, तिथं तू काहीच करू नको. फक्त बस."

"बसूनच राहू? लोक म्हणतीन, पोरीच्या मायले काही वळण नाही!"

रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी उठले. ज्या दारातून माझी लेक सून म्हणून आत जायची, ते दार कोरडं ठणठणीत! जीव राहीना. नळ सापडेना. स्वयंपाकघराच्या दाराशी झाकलेलं मोठं पातेलं दिसलं. सर्दीनं नाक चोंदलेलं होतं. (हे मी नंतर पल्लवीला सतरा वेळा सांगितलं.) झाकण जरासं सरकवलं, मगानं पाणी घेतलं आणि पायऱ्यांवर मनसोक्त सडा टाकला. वर घरून नेलेली रांगोळी. पाच कमळं!

तिसऱ्या कमळाला पहिलं मांजर आलं. पाचव्यापर्यंत अकरा झाली. पायऱ्या चाटून राहिली होती लेकाची!

हे नाकाला रुमाल लावून खाली आले. "अवो पल्लवीची माय, एवढ्या मांजरी काहून जमवल्या? हे त मासोळीचं पाणी आहे!"

धावत जाऊन पातेलं उघडलं. आत पंधरा माणसांचा मासा, निम्मा उघडा पडलेला. बोट बुडवून चाखलं. खारट! आमच्याकडे वैनगंगेची मासोळी रांधायच्या आधी मीठ-हळद लावून ठेवतात. म्हणजे आजीनं मापानं घातलेलं मीठ मी पायऱ्यांवर ओतलं होतं! तेवढ्यात नळ सापडला. (पातेल्याच्या मागेच होता.) पातेलं भरलं आणि शेजारच्या बरणीतलं तीन मुठी मीठ टाकलं.

"अजून दोन टाक," हे म्हणाले. "पाहुणे लई आहेत."

दुपारी मासा ताटात आला. जेवायला आलेली पल्लवी माझ्या शेजारी बसून कौतुकानं कानात म्हणाली, "आई, हा मासा खारवून वाळवलेला असते. दोन दिवस पाणी बदलून बदलून आजी त्यातलं मीठ काढून राहिल्या होत्या."

माझा घास हातातच राहिला. बाकीच्यांचा तोंडात गेला होता.

दुआर्तेच्या मामांनी पाण्याचा अख्खा जग एका दमात संपवला. हे एकटेच "व्वा, व्वा" करत खात होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आजीनं काटा-चमचा खाली ठेवला.

मी पल्लवीला सगळं सांगून टाकलं. तिनं कपाळाला हात लावला. "झालं माझं लग्न!"

तरी तिनं आजीला खरं ते सांगितलं. मीठ, पायऱ्या, मांजरी, कमळं, काहीच गाळलं नाही. आजी माझ्याकडे बघत राहिली. मी भाताच्या बांधीतल्या चिखलात रुतल्यासारखी खुर्चीत रुतले होते. वाटलं, एवढ्या दूर विमानानं येऊन मी लेकीचा संसार सुरू व्हायच्या आधीच मोडला.

मग आजीनं पल्लवीचा हात घट्ट धरला आणि काहीतरी बोलली. सगळे टाळ्या वाजवू लागले.

"नाही म्हणाल्या ना?" मी विचारलं.

"हो म्हणाल्या, आई!"

मी पदर सावरला. ह्यांच्याकडे बघितलं. "पाह्यलं? माणसाचं वळण दिसते!"

"पूर्ण ऐक त," पल्लवी डोळे पुसत म्हणाली. "त्या म्हणतात, लग्न लवकर उरका. या पोरीले त्या बाईच्या हातचं आता एक दिवसही खाऊ द्यायचं नाही."