दुसरी थोरली

माझ्या जावेबद्दल कुणी वाईट बोललेलं मी अजून ऐकलेलं नाही, आणि मी त्याची वाट पाहत नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. ती थोरली, मी धाकटी. आमचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. पुढे काउंटरवर मी. सुया, बॉबिन, पट्टे विकायचे, आलेल्या मशीनला चिठ्ठी बांधायची, गिऱ्हाइकांची रडगाणी ऐकायची. मागे खिडकीपाशी टेबलावर ती. गिऱ्हाईक बोलतं माझ्याशी आणि बघतं तिच्याकडे. "ताई आहेत ना?" हे मला दिवसातून इतक्यांदा विचारतात की एक दिवस मी पाटीच लावणार आहे, आहेत म्हणून.

दिसायला काही नाही हो. ठेंगणी, बोटं कायम तेलकट, चष्मा कपाळावर आणि शोधते टेबलाखाली. पण मशीन समोर आलं की चाक हाताने एकदा फिरवते, मान जराशी वाकडी करते आणि दुखणं सांगून मोकळी होते. त्या मान वाकडी करण्याचाच मला राग येतो. हे काम तिला सासऱ्यांनी शेजारी बसवून शिकवलं. मी लग्न होऊन आले तोवर त्यांची नजर गेली होती. मला त्यांनी काउंटर शिकवला.

एवढ्यावर भागलं असतं. पण तीन वर्षांपूर्वी ती त्या चर्चेच्या गटात शिरली. जुन्या शिलाई मशीनवाल्यांचा गट. तो कुठल्या कंपनीचा नाही. कुणीकुणी आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर छोटासा सर्व्हर चालवतं, त्याला ते लोक 'घर' म्हणतात, आणि अशी शेकडो घरं एकमेकांशी बोलतात. एका घरात नाव नोंदवलं की सगळ्या घरांत जाऊन बोलता येतं. आमच्या गटाचं घर एक निवृत्त पोस्टमन चालवतो. तिथे तिने नाव घेतलं 'थोरली'. कुणाचं चाक अडलं, कुणाचा टाका सुटला, की थोरली उत्तर देणार आणि खाली पन्नास जण तिला डोक्यावर घेणार. कुठल्या कुठल्या गावांतून लोक तिला जुने सुटे भाग पाठवायचे. पाकीट उघडायची मी, आणि आत चिठ्ठी असायची, 'थोरलीताईंना'.

मीही गेले तिथे, 'धाकटी' म्हणून. पहिलंच उत्तर लिहिलं, बरोबर लिहिलं. खाली एकाने लिहिलं, 'एकदा थोरलीताईंना विचारून घ्या.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यात पोस्टमनने जाहीर केलं की गटाला राखणदार हवा. वाद मिटवणारा, चुकीचं लिहिलेलं काढून टाकणारा. रविवारी सगळे मत देणार. नावं किती आली? एक. कुणाचं ते सांगत बसत नाही.

या घरांची एक गंमत आहे. नाव घरापुरतंच असतं. या घरात एक थोरली असली तरी दुसऱ्या घरात दुसरी थोरली होऊ शकते. नावापुढे घराचं नाव लागतं, आडनावासारखं, पण ते बारीक अक्षरात, वाचतो कोण? आम्हा दोघींची नावं वेगळी आणि आडनाव एक. तिथे मी उलटं केलं. बागकामवाल्यांच्या एका घरात जाऊन, माझ्याकडे एक कुंडीसुद्धा नसताना, मी नाव नोंदवलं, 'थोरली'. मला तिचं वाईट करायचं नव्हतं. त्या नावाने एकदा कुणीतरी माझं ऐकावं, एवढंच पाहिजे होतं.

मंगळवारी एका नर्सबाईंनी विचारलं. आईचं जुनं काळं मशीन, अंगावर सोनेरी फुलं. कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो, आणि वरचा चिकट मळ निघत नाही. ताई जेवायला घरी गेली होती. मी काउंटरवर उभ्या उभ्या लिहिलं, 'खाली जावळ येतंय म्हणजे वरचा दोरा नीट ओवलेला नाही. कापड दाबणारा पाय वर करून पुन्हा ओवा. मळ स्पिरिटने पुसा.' दहा मिनिटांत उत्तर, 'गुंता गेला! ताई, तुम्ही देवासारख्या भेटलात.' खाली बावीस जणांचे अंगठे. दिवसभर मी गिऱ्हाइकांशी इतकी गोड बोलले की नवऱ्याने विचारलं, बरं आहे ना?

शुक्रवारी नर्सबाईंनी फोटो टाकला. फुलं नव्हती. स्पिरिट लागताच सोनेरी रंग कापसावर आला होता आणि खालचा काळा भाग पांढरट पडला होता. 'आई गेल्यावर हेच राहिलं होतं,' असं लिहिलं होतं.

ताईला स्पिरिटने मशीन पुसताना मी शंभरदा पाहिलं होतं. पण ती फक्त सुईखालची लोखंडी पट्टी पुसते, रंगाला कधीच लावत नाही. एवढं दिसण्याइतकं सरळ मी तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

गट खवळला. एवढी जाणती बाई असं सांगतेच कसं? शेवटी पोस्टमनने पत्ता वाचला. 'थांबा, ही थोरली आपल्या घरातली नाही. बागवाल्यांकडची कुणीतरी आहे.' मी मागे पाहिलं. ताई टेबलावर फोन धरून एका बोटाने लिहीत होती. ते माझ्या फोनवर उमटलं. 'घर वेगळं असलं तरी थोरली मीच. चूक माझी. मशीन पाठवा, जेवढं सावरता येईल तेवढं सावरते. राखणीला दुसरं कुणी बघा.'

मी मागे गेले.

"ताई, तुम्हाला कळलं होतं?"

"गुंत्याला जावळ मामंजी म्हणायचे. ते गेले. आता म्हणणाऱ्या आपण दोघीच." तिने चष्मा खाली घेतला. "लोक तुला फाडून खातील गं. मला दोन शब्द बोलून गप्प बसतील."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? चूक माझी होती!" माझा आवाज इतका चढला की काउंटरवरचं गिऱ्हाईक डोकावलं. "बाकी सगळं तुमचंच आहे. निदान ती तरी माझ्याकडे राहू द्यायची होती."

मी तिथेच उभं राहून लिहिलं, 'दुसरी थोरली म्हणजे मी. तिची धाकटी जाऊ. स्पिरिट मी सांगितलं, तिचा काही संबंध नाही.' आणि पाठवून दिलं.

मग काय झालं असेल? संध्याकाळपर्यंत नव्वद जणांनी लिहिलं. धाकटीला कसं पाठीशी घातलं बघा, किती मोठं मन, अशी माणसं राहिलीत कुठे. राखणीचं तिचं नाव दुप्पट जोराने पुढे आलं. माझ्याबद्दल कुणी वाईटसुद्धा लिहिलं नाही. मी हातपाय आपटत शटर ओढलं.

घरी जाताना फोन वाजला. नर्सबाईंचा निरोप होता, सगळ्यांसमोर लिहिलेला नव्हता, माझ्या एकटीच्या नावाने आला होता. 'धाकटी, फुलं तुम्ही घालवलीत. मी तुम्हाला माफ करणार नाही.'

ताई माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. "कुणाचं गं?" तिने वळून विचारलं.

"माझं आहे," मी म्हटलं आणि फोन पर्समध्ये ठेवला.