आबांना दिलेली हाळी

पलूसजवळच्या आमच्या मळ्यात दुपारी भाकरी झाल्या की आई मला बांधावर पिटाळायची. आबा, म्हणजे माझे वडील, पार पलीकडं उसाला पाणी पाजत असायचे. मी तोंडाभोवती हात धरून हाळी द्यायचे, "आबाऽऽ, जेवायला चलाऽऽ!" दिसायचं कुणीच नाही, पण उसातून उत्तर यायचं, "आलो गंऽऽ!" शेजारच्या मळ्यातले काका म्हणायचे, "पोरीचा आवाज हाय का कारखान्याचा भोंगा?" मला त्याचा अभिमानच वाटायचा. आमच्याकडं हळू बोलणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर कुणाची तरी चुगली करत असतो.

लग्नानंतर जर्मनीत आले. पहिल्याच महिन्यात नवरा डबा विसरून खाली उतरला आणि मी सवयीनं गॅलरीतून हाळी दिली, "आवंऽऽ, डबा ऱ्हायलाऽऽ!" समोरच्या चार खिडक्या उघडल्या. शेजारच्या म्हाताऱ्या बाई घरातल्या सपातांवरच धावत आल्या आणि ॲम्ब्युलन्स बोलवू का म्हणून विचारू लागल्या. नवरा दिवसभर हसत होता. मी मात्र मेल्याहून मेल्यासारखी झाले. भिंतींना कान असतात हे ऐकून होते, पण इथल्या भिंतींचे कान फारच नाजूक निघाले.

मग मी आवाज खाली आणला. इथं रविवारी आवाज करायचा नसतो, म्हणून त्या दिवशी मिक्सर बंद, फोडणीसुद्धा बिचकत बिचकत. सहा वर्षांत ती शांतता अंगवळणी पडली आणि खोटं कशाला बोलू, आवडायलाही लागली.

तोवर तिकडं आबांचे कान गेले. मिरजेहून आणलेलं कानातलं मशीन कपाटात पडून आहे. "त्यात नुसता वारा वाजतोय," म्हणतात. फोनवर मी बोलले की विचारायचे, "तुजा आवाज का बसलाय? जेवतीस न्हवं?" मी उत्तर द्यायचे, त्यांना ऐकू यायचं नाही, आणि फोन आईच्या हातात जायचा. पुढं पुढं तर ते फोन घ्यायचेच टाळू लागले. बाप जिवंत असताना त्याच्याशी बोलणं संपतंय, याची मला फार भीती वाटू लागली.

परवा रविवारी व्हिडिओ कॉल लावला. तिकडं दुपार, इकडं सकाळ. आबा मळ्यातल्या घरापुढं कट्ट्यावर बसलेले. ताट वाढून आई हाका मारून दमली होती. "बघ की, ऐकूच येत न्हाई ह्यांना," ती मला म्हणाली. मला काय झालं कुणास ठाऊक. खिडकी उघडी होती, ती तशीच ठेवली आणि तोंडाभोवती हात धरले.

"आबाऽऽ, जेवायला चलाऽऽ!"

आबा ताडकन उठले. टोपी सारखी केली. "आलो गंऽऽ!" म्हणाले, आणि बांधाकडं बघत राहिले.

"आवं, तिकडं काय बघताय? पोरगी हिकडं फोनात हाय," आई म्हणाली.

आबांनी फोन हातात घेतला. "व्हय गं," ते म्हणाले, "आता आला बघ तुजा आवाज."

माझ्या दाराची बेल वाजायला लागली होती. शेजारच्या बाईच असणार. मी ती वाजू दिली आणि आबांना पुन्हा हाळी दिली.