मार्जरी मावशीचं शेवटचं पत्र

हुल्डा एकलंडने नऊ वर्षांत किती मटार निवडले असतील, देव जाणे. आणि हाताने नव्हे हं, चिमट्याने, एकेक दाणा! गोठवलेले मटार विकणाऱ्या कंपनीच्या शिकागोतल्या जाहिरात-स्टुडिओत सकाळी गोठवलेल्या मटाराची चाळीस खोकी यायची. त्यातले गोल गरगरीत, एका मापाचे दोनशे दाणे बाजूला काढायचे, अर्धेकच्चे उकळायचे, वरून चकाकीसाठी ग्लिसरीनचा हात फिरवायचा. बशीत खाली उलटी वाटी ठेवली की ढीग कसा भरगच्च दिसतो. महिनाभराने तेच चित्र मासिकात पानभर रंगीत छापून यायचं: हसरी बायको, खूश झालेला नवरा, आणि खाली ओळ, 'दहा मिनिटांत, अगदी असेच!' अगदी असेच म्हणे! डोंबल!

जाहिरातीच्या कोपऱ्यात मार्जरी मावशी असायची. पांढरे केस, चष्मा, गालाला खळी. अशी बाई कधी जन्मालाच आली नव्हती, पण देशभरातल्या बायका तिला पत्रं लिहायच्या. गृहशास्त्राची पदवी ऑफिसात एकट्या हुल्डाकडे, म्हणून उत्तरंही तिनेच टाइप करायची आणि खाली मावशीच्या सहीचा शिक्का मारायचा. नियम एकच: दोष मालाचा कधीच नाही, पातेल्याचा. पाणी कमी घाला, झाकण ठेवा, घड्याळ बघा.

चोपन्न सालच्या मार्चमध्ये आयोवाहून वर्ना टिबट्स नावाच्या नव्या नवरीचं पत्र आलं. तिचे मटार सुरकुतायचे. नवरा, डेल, मासिकाचं पान बशीशेजारी ठेवून म्हणायचा, "बघ, याला म्हणतात स्वयंपाक!" हुल्डाने नेहमीचं उत्तर ठोकलं: पाणी कमी. वर्नाने कळवलं, तेही केलं, काही उपयोग नाही. हुल्डाने लिहिलं: नवं पातेलं घे. पोरीने तेही घेतलं.

मे महिन्यात तिसरं पत्र आलं. 'मावशी, मी आता सहा खोकी फोडते आणि चांगले दाणे वेचून काढते. दुपारभर तेच करते. तरी तुमच्यासारखे होत नाहीत. डेल म्हणतो, मटार धड उकडता येत नाहीत, उद्या पोरं काय सांभाळणार? माझ्या हातातच काही खोट आहे का? मला ते खरं वाटायला लागलंय.'

हुल्डाच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "अगं बाई, तीपण वेचतेय!" ती स्वतःशीच म्हणाली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की दुपारी तिने डब्यातलं सँडविच तसंच परत नेलं.

खरं सांगावं तर नोकरी जाणार. एक्कावन्नाव्या वर्षी बिनलग्नाच्या बाईला दुसरं काम कोण देतो? घरी आंधळी बहीण, तिचंही हुल्डालाच बघायचं. चार दिवस ती घुसमटली. पाचव्या दिवशी साध्या कागदावर, स्वतःच्या नावाने तिने सगळं लिहून टाकलं: चाळीस खोकी, ग्लिसरीन, उलटी वाटी. 'तू मुळीच चुकत नाहीस,' असं शेवटी लिहून पाकीट टपालात टाकलं. वाटलं, सुटले बाई.

कसली सुटते! दोन आठवड्यांनी साहेबांनी, मिस्टर प्रिचर्डनी बोलावलं. त्यांच्या हातात वर्नाचं पत्र होतं, मावशीच्या नावाने आलेलं.

"ऐका, मिस एकलंड," म्हणत त्यांनी वाचून दाखवलं. "'प्रिय मावशी, तुमच्या ऑफिसातली कुणी एकलंड बाई तुमच्याबद्दल नाही नाही ते लिहिते. तुम्ही मला फसवाल का? तिला आधी हाकला. आणि माझं काय चुकतं, ते तुम्हीच सांगा. मी दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही.'"



"जिच्यासाठी नोकरी पणाला लावलीत, तिनेच तुमचा गळा धरला की हो!" साहेब हसले. "जाऊ दे. तुमच्यासारखा हात मला कुठे मिळणार? मी काही पाहिलं नाही. आता मावशी होऊन चार ओळी लिहा: त्या बाईला समज दिली आहे, तू आच मंद ठेव. की मिटलं. उद्या स्ट्रॉबेरी यायच्यात."

"लिहिते," हुल्डा म्हणाली.

टाइपरायटरवर तिने कागद आणि कार्बन चढवला. बहिणीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. पण आयोवातल्या त्या ओट्यापाशी एक पोर भर दुपारी मटार वेचत बसलीय आणि जगात तिचा एकीवरच विश्वास आहे, जी जगात नाहीच. हुल्डाचं तिला पटणार नव्हतं. मावशीचं पटणार होतं.

तिने टाइप केलं:

'लाडक्या वर्ना, तू म्हणालीस तसं मिस एकलंडला मी आजच काढून टाकलं. पण पोरी, तिने लिहिलं ते अक्षरन् अक्षर खरं आहे. तसे मटार कुणाच्याच घरी होत नाहीत, माझ्याही नाही. तुझ्या हातात काही खोट नाही. हे डेललाही वाचून दाखव.'

खाली सहीचा शिक्का मारला. पाकीट स्वतः जाऊन कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं. मग वर येऊन तिने पत्राची कार्बन प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि ॲप्रन काढून खुंटीला अडकवला.