जिन्याखालचे तीन जोड

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा.

मी मूळचा साताऱ्याचा, चेन्नईत केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून. नृत्य शिकवणाऱ्या गुरूंना आणि त्यांच्या शिष्यांना सरकार दरमहा अनुदान देतं. वर्ग खरोखर चालतो का, हे बघून यायचं काम माझ्याकडे होतं. बघून यायचं — एवढंच. नाचातलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

अड्यारला अंबुजाबाईंचा भरतनाट्यमचा वर्ग होता. बाई सत्तरीपुढच्या, तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या. वर्ग गच्चीवरच्या खोलीत, बाहेरून उभा जिना, आणि मे महिना. जिन्याखाली चपलांचे तीन जोड होते. वरून काठीचे ठोके आणि पावलांचा आवाज येत होता — एका वेळी एकच पाऊल पडावं तसा. तीनच मुली असणार, नाही का? नियम किमान सहांचा. मी जिना चढलोच नाही. समोरच्या टपरीवर थंडगार सरबत प्यायलो, आणि 'प्रत्यक्ष पाहणी केली, विद्यार्थिनी तीन' असं लिहून सही ठोकली. अनुदान बंद झालं.

इथवर आळस म्हणता आलं असतं. पण गोष्ट इथे संपत नाही.

वर्षभराने बाईंनी फेरपाहणीसाठी अर्ज केला. साहेबांनी पुन्हा मलाच पाठवलं, आणि या वेळी बाईंची सही आणायला सांगितलं. खाली दोनच जोड होते. सहीपुरता वर गेलो.

वर बारा मुली होत्या. बहुतेक मागच्या कोळ्यांच्या वस्तीतल्या, दोन पावलांवर घर म्हणून अनवाणीच आलेल्या. बाईंनी लाकडी ठोकळ्यावर काठी मारली आणि बारा पावलं जमिनीवर पडली — आवाज एकच. तोच, मी खालून ऐकलेला. म्हणजे बाईंनी इतकं चोख शिकवलं होतं, की मला मुली तीनच वाटल्या.

मग बाई एक मराठी पद गायला लागल्या, तंजावरच्या मराठी राजांच्या वेळचं. मराठीचा गंध नसलेल्या त्या मुली डोळ्यांनी, बोटांनी ते सांगत होत्या, आणि माझीच भाषा मला पहिल्यांदा कळत होती. मी दाराशी उभा राहून रडलो, खरंच. कुणा राजाने पोसलं म्हणून ते पद इथवर आलं होतं. पुढचं माझ्या सहीवर होतं.

बाईंनी कॉफी दिली. म्हणाल्या, "मागल्या वर्षी आले ते पाह्यलेच नाहीत की. तुम्ही वर आले, अस्क्या लेकरांना पाह्यले. बेष झालं." 'अस्क्या' म्हणजे सगळ्या.

मी म्हणालो, "कॉफी छान आहे."

बारा लिहिल्या असत्या, तर मागच्या तीन कुठून आल्या, हे साहेबांनी विचारलंच असतं. मी लिहिलं — 'परिस्थितीत बदल नाही.' खाली बाईंची सही होतीच. त्यांनी विश्वासाने कोऱ्या फॉर्मवर करून दिलेली.

कधीमधी त्या रस्त्याने जाणं होतं. जिन्याखाली चपला नसतात. पण चपलांवरून काय कळतं? मी थांबून कान देतो. वरून आवाजही येत नाही. मी अजून वर जाऊन बघितलेलं नाही.