आपली कंपनी

मुकुंदवाडीच्या धम्मपालचं एक बरं होतं. फोन कोणता घ्यावा हा प्रश्न त्याला आयुष्यात एकदाच पडला, आणि उत्तर सापडल्यावर त्यानं तो दुसऱ्या कुणालाही पडू दिला नाही.

चितेगावला एका कारखान्यात तो गाड्यांचे सुटे भाग तपासायच्या कामावर होता. तिथं त्याची नजर मोठी कडक. केसाएवढी चीर दिसली तरी अख्खी पेटी बाजूला काढायचा, मग सुपरवायझर येवो नाहीतर मॅनेजर, ऐकायचा नाही. पण इतकी वर्षं काढूनही त्या कारखान्याला तो कधी 'आपली कंपनी' म्हणाला नाही. ती 'त्यांची कंपनी'. 'आपली कंपनी' म्हणजे त्याच्या खिशातल्या फोनची कंपनी. तिचं नाव इथं घेत नाही. अशा कंपन्यांची नावंच तेवढी वेगळी असतात, वागणं सगळ्यांचं सारखंच.

हे प्रेम जडलं ते पैठण रोडवर. त्याचा पहिला स्मार्टफोन गाडीवरून पडला, मागून येणाऱ्या टेम्पोच्या चाकाखालून थोडक्यात वाचला, आणि धम्मपालनं धावत जाऊन उचलला तेव्हा तो चक्क वाजत होता. पलीकडून बायको सुलेखा म्हणाली, येताना कोथिंबीर आणा. त्या दिवसापासून हा माणूस कंपनीच्या पदरात पडला तो पडलाच.

मग नवा फोन आला की जुना बायकोला, आणि बायकोचा कुणा पाहुण्याला. रिकामे डबे मात्र कुणाला द्यायचा नाही. ते कपाटावर ओळीनं मांडलेले असायचे, आणि सुलेखाला त्यांच्यावरची धूळ पुसावी लागायची. नवा फोन बाजारात येणार त्या दिवशी तो कंपनीचा कार्यक्रम टीव्हीवर लावून बसायचा, लेकीलाही बसवायचा. लेक अपेक्षा बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. पुस्तक मांडीवर घेऊन ती बिचारी बापाबरोबर टाळ्या वाजवायची. कंपनीच्या वेबसाइटवर तो लांबलचक सूचना लिहायचा. रेडिओ परत आणा. आवाज मोठा करा. मराठी टायपिंग नीट करा. एकदा तिकडून उत्तर आलं, की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. तसलं उत्तर यंत्र लिहितं हे शेंबड्या पोरालाही कळतं. धम्मपालनं ते सगळ्या पाहुण्यांना दाखवलं.

आणि पाहुणे त्याच्या शब्दावर फोन घ्यायचे. गंगापूरची थोरली बहीण लीलाबाई, तिची मुलगी सोनिया, कारखान्यातला पुंजाराम, गल्लीतली निम्मी माणसं. फोन घेऊन दिला की याला आपणच कंपनी काढल्यासारखं वाटायचं. दिवाळीत तो सगळ्यांना फोनची कव्हरं वाटायचा, कंपनीचं चिन्ह ठळक छापलेली. पण कुणी तक्रार घेऊन आलं, की हा समजावायला बसायचा. पुंजाराम एकदा म्हणाला, फोन लई तापायलाय. धम्मपाल म्हणाला, "तू उन्हात ठेवला असशील." पुंजाराम म्हणाला, नाय. धम्मपाल म्हणाला, "मग ॲप लई भरले असशील." शेवटी पुंजारामच कंटाळला आणि व्हय म्हणाला. धम्मपालला वाटलं, पटलं त्याला.

या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी कंपनीनं अपडेट पाठवलं. अपडेट आलं की धम्मपाल आंघोळ करून, फोन पूर्ण चार्ज करून मगच बटण दाबायचा. त्या दिवशीही तसंच केलं. फोन बंद झाला, चालू झाला, आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवीगार लाइन उभी राहिली.

त्यानं रुमालानं पुसली. फोन बंद करून पुन्हा चालू केला. लाइन होती तिथंच. त्यानं दाराकडं पाहिलं, आत कुणी येत नव्हतं, आणि फोन पटकन उशीखाली सरकवला. स्वतःच्या घरात हा माणूस चोरासारखा बसला होता, आणि चोरी झाली होती ती त्याचीच.

संध्याकाळपर्यंत त्यानं शक्कल काढली. पडद्यावर हिरव्या शेताचा फोटो लावला, म्हणजे लाइन त्यात मिसळून जाईल. फोन कायम पालथा ठेवायला लागला. जेवतानासुद्धा हात फोनवर.

सोमवारी रजा टाकून तो जालना रोडवरच्या सर्व्हिस सेंटरला गेला. नवा शर्ट घातला होता. काउंटरवरच्या मुलीनं फोनकडं नीट बघितलंसुद्धा नाही.

"डिस्प्ले बदलावा लागेल, सर. वॉरंटी संपलीय."

"वॉरंटीचं नाय म्हणत मी. अपडेट तुम्हीच पाठवलं. ते टाकलं आन् लाइन आली."

"अपडेटमुळं असं होत नाही, सर. फोन पडला असेल. पाण्यात गेला असेल. उन्हात ठेवला असेल."

धम्मपाल तिच्या तोंडाकडं बघतच राहिला. ही वाक्यं त्याची होती. पुंजारामला, गल्लीतल्या लोकांना त्यानं असलीच ऐकवली होती.

मागं रांगेत एक पांढऱ्या दाढीचे चाचा उभे होते. त्यांनी आपला फोन वर करून दाखवला. तीच हिरवी लाइन. "मेरे कू भी यहीच बोले मियाँ, पानी में गिराया करके," ते म्हणाले. त्यांच्यामागच्या बाईंनीही फोन दाखवला. आणि आता ऐका. हा शहाणा त्या दोघांकडं वळून म्हणाला, "एखादा पीस निघतो असा. कंपनी चांगलीय." चाचांनी आपला फोन खिशात टाकला आणि तोंड फिरवलं.

शेवटी त्यानं हुकमाचं पान काढलं. म्हणाला, "मॅडम, मी तुमचा जुना ग्राहक आहे. माझा नंबर टाकून बघा. निम्मी मुकुंदवाडी माझ्यामुळं तुमच्याकडं आलीय."

मुलीनं नंबर टाकला. "सर, सिस्टीममध्ये तुमच्या नावावर एकच फोन दिसतोय. हाच."

एवढ्या वर्षांची भक्ती, आणि देवाला भक्ताची ओळखही नाही. तो बाहेर आला आणि गाडी कुठं लावली तेच त्याला आठवेना. किती तरी वेळ तो किल्ली हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभा होता.

हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. सांगणार कसं? त्याच आठवड्यात भाचीचा, सोनियाचा साखरपुडा होता. आमच्याकडं हल्ली साडी-अंगठीबरोबर मुलाकडून मुलीला मोबाइल येतो, आणि कोणता आणायचा हे सोनियाच्या मामानं होणाऱ्या जावयाला, इंद्रजीतला, केव्हाच सांगून ठेवलं होतं. मोबाइल आपल्या कंपनीचाच. आता हिरवी लाइन समोर असताना त्यानं इंद्रजीतला फोन लावला. खरं सांगायचं ठरवूनच लावला. पोरा, दुसरा बघ, एवढंच म्हणायचं होतं. इंद्रजीतनं "जयभीम मामा" म्हटलं, आणि धम्मपालच्या तोंडून निघालं, "आपल्या कंपनीचाच घे बरं, वरचं मॉडेल घे." फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली. भाचीच्या हातात आपण काय देतोय हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि तरी शब्द खाली पडू द्यायचा नव्हता.

साखरपुडा गंगापूरला लीलाबाईच्या दारात मांडव घालून झाला. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना हार घातले, त्रिशरण-पंचशील झालं, अंगठ्या झाल्या. ताटात साडीवर आपल्या कंपनीचा डबा ठेवलेला पाहून धम्मपालच्या छातीत एकाच वेळी अभिमान आला आणि धडकीही भरली.

जेवणं झाल्यावर तो सोनियाजवळ गेला. निदान अपडेट तरी बंद करून द्यावं, असं त्याच्या मनात होतं.

"दे इकडं, सेटिंग करून देतो."

"राहू द्या मामा, मी करते," सोनिया म्हणाली आणि तिनं डबा मांडीखाली सरकवला.

"तुला काय कळतंय त्यातलं," म्हणून त्यानं तो ओढूनच घेतला आणि उघडला. आत फोन होता, पण आपल्या कंपनीचा नव्हता.

धम्मपालनं तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग त्याचं डोकंच फिरलं. भर मांडवात तो ओरडला, "इंद्रजीत, फसवलं रे तुला दुकानदारानं. डबा एक आन् माल दुसरा. चल, आत्ताच्या आत्ता चल." इंद्रजीतचे काका खुर्चीवरून उठले. आपल्या पोरानं खोटा माल आणला असं हा म्हणतोय की काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. इंद्रजीत पांढराफटक पडला. लीलाबाईनं धावत येऊन भावाचं मनगट धरलं आणि त्याला आतल्या खोलीत नेलं. मागोमाग सुलेखा, सोनिया आणि अपेक्षा आल्या. सुलेखानं दार लावलं.

"दुकानदारानं नाय फसवलं," लीलाबाई म्हणाली. "आम्ही फसवलं तुला. फोन सोनियानंच पसंत केला. तुला वाईट वाटू नये म्हणून डबा तेवढा तुझ्या कंपनीचा."

"कामून?"

लीलाबाईनं कमरेचा फोन काढला आणि त्याचं कव्हर सोलून काढलं. धम्मपालनंच दिवाळीत दिलेलं कव्हर. आतला फोन दुसराच होता. सोनियानं आपला जुना फोन दाखवला, तोही दुसरा.

"तू घेऊन दिलेल्यांना वर्षाच्या आतच हिरवी लाइन आली," लीलाबाई म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर तू म्हणला असता, अक्का, तूच पाडला."

धम्मपालनं सुलेखाकडं पाहिलं. तिनं तिच्या फोनचं कव्हर काढलं आणि फोन पलंगावर ठेवला. रोज उशाशी असलेला तो फोन. त्याला तो इतक्या दिवसांत कधी ओळखता आला नाही, कारण कव्हरावरचं चिन्ह बघून त्याचं समाधान व्हायचं. कारखान्यात केसाएवढी चीर शोधणारी त्याची नजर घरात इतकी आंधळी होती.

त्यानं आपला फोन काढून त्यांच्यापुढं धरला. हिरव्या शेतातून लाइन सरळ खाली गेली होती. "मलाबी आलीय," तो म्हणाला.

"ठाऊक हाय," सुलेखा म्हणाली. "रविवारीच दिसली मला."

बाहेर इंद्रजीतनं काकांना सगळं सांगितलं असावं, कारण तिकडून एकदम हसू फुटलं. मोठं, मोकळं, बऱ्याच जणांचं. धम्मपालचे कान तापले. सगळ्यांना माहीत होतं. मांडवातल्या आपल्या माणसांना, गल्लीला, कदाचित पुंजारामलासुद्धा. एवढी सगळी माणसं आपल्याशी जपून, ठरवून खोटं वागत होती, आणि ती वाईट माणसं नव्हती. कंपनीनं ओळख दिली नाही तेव्हा बसला नव्हता इतका धक्का त्याला आत्ता बसला.

"हा डबा तरी कुठून आणला?" त्यानं कसंबसं विचारलं.

"आपल्या कपाटावरचा आहे," अपेक्षा म्हणाली. "मीच दिला, पप्पा."

"मला एका शब्दानं सांगायचं होतं. मी काय मारलं असतं का कुणाला?"

"मारलं नसतं," सुलेखा म्हणाली. "समजावलं असतं. माणूस व्हय म्हणेपर्यंत तुम्ही समजावता. मग आम्ही आधीच व्हय म्हणतो आन् आमचं आम्ही करतो."

ती रागानं बोलली नाही, भाजीला मीठ कमी आहे हे सांगावं तशी बोलली. म्हणूनच ते जास्त लागलं. धम्मपालनं एकेकीकडं पाहिलं. बहीण, भाची, बायको, लेक. मग मनात आलेला प्रश्न त्यानं विचारला, आणि विचारतानाच त्याला भीती वाटली.

"अजून काय काय सांगितलं नाय मला?"

लीलाबाईनं खाली पाहिलं. सुलेखानं अपेक्षाकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली, पण धम्मपालला ती दिसली.

"पप्पा," अपेक्षा म्हणाली, "मी बँकेची परीक्षा दिलीच नाही. मागच्या वर्षीपण नाही आणि या वर्षीपण नाही. फॉर्मच भरला नव्हता."

मागच्या वर्षी लेक दोन मार्कांनी हुकली, असं तो चितेगावपासून गंगापूरपर्यंत भेटेल त्याला सांगत आला होता. त्याचं तोंड सवयीनं उघडलं. चौघीजणी थांबल्या. आता हा समजावायला लागणार, हे त्यांच्या चेहऱ्यांवर लिहिलेलं होतं, आणि ते त्याला आज पहिल्यांदा वाचता आलं. लेकीनं तर व्हय म्हणून मान हलवायची तयारीसुद्धा केली होती.

त्यानं तोंड मिटलं. पलंगाच्या कडेवर बसला, आणि तिला समोर बसायला जागा करून दिली.

"कामून नाय भरला, ते सांग," तो म्हणाला. "मी मधी बोलणार नाय."