साडूंच्या डाव्या पायाचे वॅट

आमच्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या भिवंडीत सापडणार नाही, आणि भिवंडीत माणसांची काही टंचाई नाही. लूमवरून उतरलेले कापडाचे ताके तपासण्यात त्यांची हयात गेली. डोळ्याला भिंग लावायचं, ताका थेट आतल्या घडीपर्यंत उलगडायचा आणि तुटका धागा शोधून मालकाचं तोंड उतरवायचं, हे त्यांचं काम. वरची घडी सगळेच चांगली लावतात, माल आतून बघावा, हे त्यांचं तत्त्व. ते त्यांनी कारखान्यापुरतं ठेवलं असतं तर आम्हा नातेवाइकांची तक्रार नव्हती. पण कोबी घेतानाही ते वरची पानं सोलून आत डोकावतात, त्यामुळे मंडईतली एक भाजीवाली त्यांना लांबून पाहिलं की कोबी गोणपाटाखाली ढकलते. ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, बघायला ते तीनदा गेले होते. तिसऱ्या खेपेला ताईंनीच, "आता तुमचं ठरत नसेल तर मी दुसरीकडे बघते," असं ऐकवलं, तेव्हा कुठे लग्न जमलं.

असा हा माणूस दोन वर्षांपूर्वी काल्हेरच्या एका गोदामात माल तपासत उभा होता आणि ट्रकवरून सुटलेली कापडाची गठाण त्यांच्या डाव्या पायावर आली. ऑपरेशन होऊन पायात सळई बसली. ताईंनी त्या दिवशीच चहा सोडला. दिवसाला पाच कप पिणारी बाई, आणि अट काय, तर "पाय पहिल्यासारखा झाला हे ह्यांच्या तोंडून ऐकेन, तेव्हाच घेईन." नवस बोलताना आपण कोणाच्या तोंडावर अवलंबून राहतोय याचा विचार त्यांनी केला नाही. डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, साडू सायकलवरून पडघ्यापर्यंत जाऊन यायला लागले, डॉक्टर म्हणाले पाय बरा, शेजारी म्हणाले बरा, सळईसुद्धा निघाली. पण साडू काही बरा म्हणेनात. "सगळे वरची घडी बघून बोलतात, पाहुणे," ते मला म्हणाले. "आत जोर आलाय का, ते मला आकड्यात पाहिजे." इकडे चहाविना ताईंचा पारा असा चढलेला असायचा की आम्ही त्यांच्याकडे जाताना जेवूनच जायचो.

आकड्यात सांगणारं यंत्र असतं, हे त्यांना कुठल्याशा सायकलवाल्याने सांगितलं. पॉवर मीटर. सायकलला लावलं की तुमचे पाय किती वॅट काढतात ते मोबाइलवर दिसतं. इथून पुढे वर्षभर त्या घरात दुसरा विषय नव्हता. दोन्ही पाय वेगवेगळे मोजणारी पेडल मिळतात, पण त्यांची किंमत साडूंच्या सायकलपेक्षा जास्त. खिशाला परवडणारं मीटर पेडलच्या डाव्या दांडीत असतं. ते फक्त डावा पाय मोजतं आणि उजवाही तेवढाच असेल असं धरून दुप्पट आकडा दाखवतं. साडूंना डावाच मोजायचा होता, म्हणजे यांच्यासाठीच बनवलेली वस्तू. पण नाही. "दुप्पट कोणाला विचारून करतं?" या प्रश्नावर त्यांनी मुंबई-पुण्याच्या दुकानदारांना फोन करून इतकं छळलं की पुढेपुढे ते यांचा नंबर ओळखायला लागले. मध्येच त्यांनी लूमच्या मोटारीशी हिशेब लावला. साधा माणूस सायकलवर त्या मोटारीच्या पाव हिश्शाइतकाही जोर काढत नाही, हे कळल्यावर ते आठवडाभर कारखान्यात मोटारींकडे आदराने बघायचे.

शेवटी ओळखीतल्या एका लूममालकाने स्वतःसाठी भारीतलं मीटर घेतलं आणि जुनी डावी दांडी साडूंना वापरून बघायला दिली. वापरून बघा, असं तो म्हणाला होता. साडूंनी घरी येताच भिंग काढलं आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला. आतली घडी बघितल्याशिवाय माल कसा पास करणार? पाणी जाऊ नये म्हणून बसवलेलं रबर त्यांनी उचकटलं, आत मन लावून पाहिलं आणि परत लावायला गेले तेव्हा ते फाटलं. लूममालक आला, त्याने दांडी हातात फिरवली आणि शांतपणे म्हणाला, "भाईसाब, अब तो ये आपका ही हो गया." वर्षभर न झालेली निवड अशी पाच मिनिटांत झाली. रबर फाटकं आहे या मुद्द्यावर साडूंनी वर भावही पाडून घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पडघ्याच्या वाटेवर एका सपाट पट्ट्यात तपासणी झाली. साडूंनी जीव खाऊन सायकल मारली आणि आकडा बघितला. मग मला म्हणाले, ताडून बघायला दुसरा नमुना पाहिजे, बसा. मी जिना चढतानाही कठडा धरणारा माणूस. मुद्दाम हळू मारली, तर त्यांनी अर्ध्यातूनच परत बोलावलं. "नीट मारा, पाहुणे. लटका माल मला चालत नाही." मग मी खरंच जोर लावला. माझा आकडा त्यांच्यापेक्षा बराच वर गेला. इतकं वाईट मला परीक्षेत नापास झाल्यावरही वाटलं नव्हतं. साडूंनी मोबाइल बंद करून खिशात टाकला आणि सायकल घराकडे वळवली.

ताई दारातच उभ्या होत्या. साडूंनी चपला काढल्या, डावा पाय जरा जास्तच जोरात आत टाकला आणि म्हणाले, "पास आहे. अगदी पहिल्यासारखा. चहा टाक, तुझाही." उभ्या आयुष्यात डागी माल न सोडलेला हा माणूस खोटं बोलताना मी पहिल्यांदा पाहिला, आणि मला त्यांची इतकी माया आली की मी पाणी पिण्याच्या निमित्ताने आत गेलो. ताई आधण ठेवत होत्या. मागे न वळता त्यांनी हळूच विचारलं, "किती कमी आलं?"

"थोडंसंच," मी म्हणालो.

"असू दे. मला कळलंय हे त्यांना सांगू नका," त्या म्हणाल्या आणि चिमूटभर चहाची पूड जास्त टाकली. मग दोन कप घेऊन बाहेर गेल्या, त्यांच्या शेजारी बसल्या आणि डोळे मिटून पहिला घोट घेतला. साडूंचा चहा निवून गेला, तरी ते ताईंकडेच बघत बसले होते.